ढिली दोरी

कुत्र्यांना शिकवण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त फोन दोन तक्रारींसाठी येतात. एक, कुत्रा फार ओढतो. दुसरी, कुत्रा चालतच नाही. पहिली तक्रार करणारा माणूस दमलेला असतो, दुसरी करणारा दुखावलेला असतो. ओढणाऱ्या कुत्र्याला निदान बाहेर जायचं तरी असतं. दाराबाहेर आल्याबरोबर जमिनीला चिकटणारं कुत्रं घरच्यांना कोड्यात टाकतं. एवढा जीव लावला, वेळेवर खाणं, मऊ गादी, औषधपाणी, आणि साधं खाली फिरायला यायला तयार नाही! मग फोनवर तो ठरलेला शब्द येतोच : हट्टी आहे.

हट्टी म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं. हट्ट मोडायचा असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो आहोत. म्हणून लोक ओढतात, मागून ढकलतात, उचलून गेटबाहेर नेऊन ठेवतात. पण इतकी वर्षं हे काम करताना मी पाहिलंय, की पट्टा घातल्यावर बसकण मारणारी बहुतेक कुत्री घाबरलेली असतात, काही दुखणं अंगावर काढत असतात, आणि काहींना आपल्याकडून काय हवंय तेच कळलेलं नसतं. हट्ट मोडायच्या उपायांनी यातलं काहीच बरं होत नाही. भीती तर वाढतेच.

हे मला ज्या कुत्रीमुळे सगळ्यात स्पष्ट दिसलं, तिच्याबद्दल सांगते. तिचं नाव शेवंती. कोथरूडमधल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचं घर. घरात निवृत्त काका, काकू, काकांची ऐंशी ओलांडलेली आई आणि हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी. मुलीच्या ऑफिसजवळच्या एका बांधकामावर ही कुत्री राहायची. दुचाकीच्या धडकेत तिचा मागचा पाय दुखावला. मुलीने उपचार केले आणि पाय बरा झाल्यावर कुत्रीला पुन्हा त्या रस्त्यावर सोडायचा धीर तिला झाला नाही. दातांवरून वय दोनेक वर्षं. पिवळसर तांबूस रंग, म्हणून आजींनी नाव ठेवलं शेवंती. एका कानाचं टोक कापलेलं होतं. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली, की ओळख म्हणून कानाला अशी खूण करतात. केंद्र सरकारच्या 2023 सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार चालणारं हे काम आवश्यक आहे आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण कुत्र्याच्या बाजूने पाहिलं, तर त्या कानाचा अर्थ असा, की एक दिवस कोणीतरी आपल्याला जाळ्यात धरलं, गाडीत घातलं आणि अनोळखी जागी नेलं. म्हणजे मोकळ्या आयुष्यात गळ्याभोवती किंवा अंगाभोवती काही आवळलं गेलं असेल, तर ते बहुधा त्या एकाच दिवशी.

आता तिच्या गळ्यात लाल पट्टा होता आणि त्याला दोरी. काका दोरीचे दोन वेढे मुठीला घालून उभे होते. दाराच्या उंबऱ्यावर शेवंती पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून, शेपटी पायात घालून बसली होती. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीएवढा दिसत होता. लघवीसाठी ती घरची बाल्कनी वापरत होती आणि त्यावरून घरात रोज वादावादी होत होती.

“घरात एकदम गुणी आहे हो,” काकू म्हणाल्या. “पट्टा लावला, की हिचं काय होतं कळत नाही.”

“काका, आधी मूठ सोडा,” मी म्हटलं. त्यांनी वेढे सोडले, दोरी जमिनीवर पडली, आणि शेवंती सरपटत आत जाऊन सोफ्यामागे बसली. त्या दिवशी आम्ही तिला चालवण्याचा प्रयत्नच केला नाही.

पहिलं काम डॉक्टरांचं. न चालणाऱ्या कुत्र्याला शिकवायला घेण्याआधी त्याला कुठे दुखत नाही ना, हे पाहायलाच हवं. जुना मार, सांध्याचं दुखणं, पंजात रुतलेला काटा, वाढलेली नखं, गोचीडतापाने आलेला अशक्तपणा, यातलं काहीही कुत्र्याला जागच्या जागी बसवू शकतं. मे महिन्यात तर डांबरच पुरेसं असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. शेवंतीचा एक्स-रे चांगला आला, रक्त चांगलं आलं, पाय नीट जुळला होता. म्हणजे प्रश्न मनाचा होता.

त्या मनाचा अंदाज यावा म्हणून मी घरच्यांना एक काम दिलं : ती कशाला घाबरते आणि कशाला घाबरत नाही, हे लिहून काढा. यादी आली ती पाहून काका चकित झाले. शेजारच्या प्लॉटवर जेसीबी चालला, तरी शेवंती बाल्कनीत झोपून राहायची. वाळूचा ट्रक रिकामा होताना तिचा कानही हलत नव्हता. पण लिफ्टचं दार, गुळगुळीत फरशी, उघडलेली छत्री, आणि सोसायटीचं लोखंडी गेट सरकताना होणारा करकर आवाज यांनी ती थरथरायची. आवाज किती मोठा, याच्याशी तिच्या भीतीचा संबंध नव्हता. ओळखीचा की अनोळखी, एवढाच प्रश्न होता. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं पिल्लं वाढवून 1965 साली जो ग्रंथ लिहिला, त्यातून हे पक्कं झालं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचं मन जगाला सहज स्वीकारतं. त्या काळात जे भेटतं, ते आपलं वाटतं. पुढे भेटणारी प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयाने तपासली जाते. शेवंतीचे ते आठवडे सिमेंट, सळ्या आणि मजुरांच्या झोपड्यांमध्ये गेले होते. तिच्या त्या जगात दोरी नव्हती आणि लिफ्टही नव्हती.

मग आम्ही सामान बदललं. गळ्यातला पट्टा ओळखीच्या बिल्ल्यासाठी राहू दिला. चालण्यासाठी छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घेतला, कारण ओढ गळ्यावर आली, की श्वासनलिका दाबली जाते आणि घाबरलेल्या जीवाला गुदमरण्याची आणखी एक भीती मिळते. दोरी साधी, सहा फुटांची, सुती पट्टीची. लांबत जाणारी चकरीची लीश अशा कुत्र्याला नकोच. ती सतत थोडी ताणलेली असते आणि हातातून निसटली, तर तिची मूठ खडखडत मागे येते, त्याने कुत्रं जिवाच्या आकांताने पळतं. साखळीही नको. तिचं वजन आणि खळखळाट दोन्ही अंगावर येतात. जनावराला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं हा 1960 सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे बंगल्यांच्या फाटकांशी दिवसभर बांधलेली कुत्री बघताना मला नेहमी आठवतं.

एक दक्षता आम्ही पहिल्यापासून घेतली. नुकतीच घरी आणलेली रस्त्यावरची कुत्री घाबरली, की उलटी मागे सरकतात आणि हार्नेसमधून अंग काढून घेतात. अशी निसटलेली कुत्री हाकेला थांबत नाहीत. म्हणून बाहेर जाताना दोरीची एक कडी हार्नेसला आणि दुसरी गळ्यातल्या पट्ट्याला, अशा दोन कड्या. ओढ हार्नेसवरच यायची, पट्ट्याची कडी फक्त निसटण्याच्या वेळेसाठी.

त्यानंतर कित्येक दिवस शेवंती दाराबाहेर गेलीच नाही. हार्नेस दिवाणखान्यात जमिनीवर पडलेला असायचा आणि त्याच्याभोवती पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे. ती जवळ यायची, मान लांब करून तुकडा उचलायची, मागे जायची. कोणी काही बोलायचं नाही. मग तुकडे हार्नेसच्या पट्ट्यांवर, मग कडीच्या मधोमध, मग काकूंच्या हातात धरलेल्या हार्नेसच्या पलीकडे, म्हणजे तुकडा हवा असेल तर मान त्यातून घालायला हवी. मान तिने घालायची, आपण हार्नेस तिच्यावर टाकायचा नाही, हा नियम मी घरातल्या प्रत्येकाकडून पाळून घेतला. बक्कल लागताना ‘खट्’ आवाज होतो. त्या आवाजाला ती दचकायची, म्हणून आधी नुसतं बक्कल हातात घेऊन खट् आणि तुकडा, खट् आणि तुकडा. काही दिवसांनी आवाज झाला, की ती हाताकडे बघायला लागली. आजींना तिचं हे बघणं फार आवडायचं. घर शाकाहारी, त्यामुळे बक्षीस म्हणजे पनीर किंवा तूप लावलेल्या पोळीचे बारीक तुकडे. एवढीच सूचना दिली, की शिऱ्यातले मनुके, द्राक्षं, कांदा, चॉकलेट तिला चुकूनही देऊ नका, ते कुत्र्यांना बाधतं.

पट्ट्यातल्या कुत्र्याबद्दल विचार करताना मला इव्हान पावलोव्ह आठवतात. घंटा आणि लाळ यांपलीकडे त्यांच्या कामात बरंच काही आहे. 1927 साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या व्याख्यानांत एका कुत्र्याची हकीकत आहे. स्वभावाने गरीब, माणसांशी प्रेमाने वागणारा. पण प्रयोगाच्या ठोकळ्यावर उभं करून त्याला पट्ट्यांत अडकवलं, की थोड्या वेळाने तो अस्वस्थ व्हायचा. सुटण्यासाठी धडपडायचा, ठोकळ्याचे आधार कुरतडायचा. पुष्कळ तर्क करून झाल्यावर पावलोव्ह या निष्कर्षाला आले, की हा स्वातंत्र्याचा उपजत आवेग आहे. अडकवलं जाणं हेच त्या कुत्र्याला सोसत नव्हतं. मग त्याचं सगळं खाणं फक्त त्या ठोकळ्यावर द्यायचं ठरलं. आधी त्याने खाणं कमी केलं, तो वाळला, आणि हळूहळू तिथे उभं राहून खायला लागला. प्रयोग पुढे गेले. खाणं आणि भीती यांचं नातं किती जवळचं असतं, हे या हकीकतीतून मी शिकले. पण एक गोष्ट मी त्यातून घेत नाही. भुकेने मोडून आणलेली तयारी मला नको असते. शेवंतीचं रोजचं जेवण तिला रोज मिळत होतं. पनीर हा वरचा लाभ होता आणि तो घ्यायचा की नाही, हे तिच्यावर होतं.

त्यातून आम्हाला भीती मोजायचं एक विश्वासार्ह साधनही मिळालं. फार घाबरलेलं कुत्रं खात नाही. घरात लगेच घेतलेला तुकडा जिन्यात ती नाकारत असेल, तर आपण तिच्या ताकदीपलीकडे आलेलो आहोत, दोन पायऱ्या मागे जायला हवं. काकांना हे पटायला वेळ लागला. त्यांची नोकरी कारखान्यात सुपरवायझरची होती. कामाला उद्दिष्ट असावं, तारीख असावी, असा त्यांचा स्वभाव. “आज किती पुढे गेली?” हा त्यांचा रोजचा प्रश्न असायचा. मी विचारायचे, “आज किती वेळ खाल्लं?” पुढे तेही तसंच विचारायला लागले.

दोरीचा धडा मी आधी माणसांना दिला. काकांना डोळे मिटायला सांगितलं, दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं मी धरलं. मी झटका दिला, तेव्हा त्यांचे पाय आपोआप रोवले गेले. मग मी दोरी अगदी हलकेच ताणली आणि थांबले. त्यांनी तोल सावरत अर्धं पाऊल माझ्याकडे टाकलं, त्याच क्षणी मी दोरी ढिली केली. “कळलं,” ते म्हणाले. हे कळणं तोंडी सांगून येत नाही. ओढलं, की अंग उलट दिशेला ताणलं जातं, तोल सांभाळण्याची ती शरीराची पद्धत आहे, माणसाची तशीच कुत्र्याचीही. शेवंतीच्या दोरीला आम्ही घरात असाच अर्थ दिला. हलकासा ताण, थांबायचं. ती त्या दिशेला नुसती झुकली, तरी ताण गेला पाहिजे आणि तुकडा मिळाला पाहिजे. ताण कसा घालवायचा, हे आपल्या पायांत आहे, असं तिला उमगलं, आणि दोरीची भीती तिथेच निम्मी झाली.

या ठिकाणी पुष्कळ लोक मला सांगतात, की ताई, आमच्या ओळखीत एकाने सरळ ओढत नेलं आणि आठवड्यात कुत्रा चालायला लागला. खोटं नाही ते. मी अशी कुत्री पाहिली आहेत. ती मालकाच्या पायाशी चालतात, डोकं खाली, शेपटी खाली, कशाचाही वास घेत नाहीत, कोणाकडे बघत नाहीत. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पट्ट्यांत अडकवलेल्या कुत्र्यांवरच केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के कशानेही टाळता येत नव्हते, त्यांतली बरीचशी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही उठली नाहीत, पडून सोसत राहिली. काही केलं तरी फरक पडत नाही, हे ती शिकली होती, असा निष्कर्ष त्या दोघांनी काढला. फरफटत नेलेल्या कुत्र्याचं गप्प चालणं मला त्या प्रयोगाची आठवण करून देतं. बाहेरून पाहणाऱ्याला शिस्त दिसते. मला त्यात आपलं काही चालणार नाही हे मान्य केलेला जीव दिसतो, आणि कधीतरी भीती अनावर झाली, की हेच कुत्रं कसलीही सूचना न देता चावतं, कारण त्याच्या साध्या सूचना कोणी ऐकलेल्याच नसतात.

त्या सूचना ऐकणं हाच माझ्या कामाचा गाभा आहे. शेवंतीच्या घरच्यांना मी तिची भाषा शिकवली. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खाणं समोर नसताना ओठांवरून फिरलेली जीभ, उचलून धरलेला पुढचा पंजा, तोंड वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं. यातलं काही दिसलं, की आपण थांबायचं, दोरी ढिली सोडायची, तिच्यासमोर उभं न राहता अंग बाजूला वळवायचं आणि वाट बघायची. ती पुढे आली तर पुढे. ती मागे वळली तर मागे, लगेच, नाराजी न दाखवता. “अहो, पण मग ती रोज मागेच फिरेल,” मुलगी काळजीने म्हणाली. सुरुवातीला शेवंती खरंच रोज मागे फिरत होती. दारातून बाहेर, चपलांच्या स्टँडपर्यंत, आणि परत. पण परत जाता येतं, हे तिला जसजसं खात्रीने कळलं, तशी ती परत जाण्याआधी थोडी जास्त थांबायला लागली. नकार ऐकला जातो याची खात्री झाल्यावर तिच्या नकारांची संख्या कमी झाली. माझ्या कामातली मला ठाऊक असलेली सगळ्यात मौल्यवान गोष्ट हीच आहे.

लिफ्ट आम्ही शेवटासाठी ठेवली आणि जिना घेतला. पहाटे पाचला, दूधवाला यायच्या आधी. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत, तिथे बसून राहायचं, आवाज ऐकायचे, वर यायचं. माणसाच्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त वरपर्यंत. आपल्याला निवांत वाटणारा जिना तिला निवांत नसतो. कुठल्याशा घरातला मिक्सर, पाण्याचा पंप, ट्यूबलाइटचं गुणगुणणं. तिने हे सगळं ऐकून घ्यावं आणि काही वाईट घडत नाही हे पाहावं, एवढ्यासाठी आम्ही पायऱ्यांवर बसायचो.

खाली पार्किंगमध्ये पोचल्यावर रखवालदार मामांची गाठ पडली. ते बीड जिल्ह्यातले, जनावरांत वाढलेले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “ताई, वढा की जरा. जनावर हाय, येतं.” मी त्यांना विचारलं, “मामा, गोऱ्हा औताला कसा शिकवता?” ते म्हणाले, “जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो.” मग त्यांनीच पुढचं बोलून टाकलं, की नवा गोऱ्हा बुजला, तर मारून उपयोग नसतो, जुन्याचं बघून तो आपोआप चालीला लागतो. त्यांच्याच सांगण्यावरून पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरची आम्हाला मदत मिळाली. तो संथ, जाडसर, जगाशी समेट झालेला कुत्रा. त्याची मालकीण त्याला घेऊन पुढे चालायची, आम्ही शेवंतीला घेऊन बऱ्याच अंतरावर मागे. तो थांबून ज्या खांबाचा वास घ्यायचा, त्याच खांबाचा वास शेवंती घ्यायची. तो ज्या गेटातून बेफिकीर बाहेर पडला, ते गेट तिने लांबून निरखलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी गेट आवाज न करता सरकलं. मामांनी आदल्या रात्री त्याच्या चाकांना आणि पट्टीला तेल घातलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला करकर आवाजाला दबताना पाहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

गेटबाहेर गल्लीतली कुत्री होती. पाळलेलं कुत्रं आलं, की ती भुंकत येतात आणि आपण घाबरून दोरी आखडतो. दोरी आखडली, की आपल्या कुत्र्याची मान ताठ होते, छाती वर येते, आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. दोरी ढिली असेल, तर कुत्र्याला मान वळवता येते, वळसा घेऊन जाता येतं, जमिनीचा वास घेता येतो. कुत्र्यांच्या रीतीत हीच सभ्यता आहे. शेवंती मुळात रस्त्यावरची, तिला ही रीत आपल्यापेक्षा चांगली येत होती. आमचं काम तिच्या आड न येण्याचं होतं. गल्लीतल्या म्होरक्या काळ्या कुत्र्याला तिने लांबून वळसा घातला, जमीन हुंगली, नजर बाजूला ठेवली, आणि तो भुंकायचा थांबला.

हुंगण्याबद्दल मी नेहमी आग्रहाने बोलते. लोकांना वाटतं, फिरायला न्यायचं म्हणजे अंतर कापायचं. कुत्र्याचं जग नाकातून उलगडतं. शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पाळीव कुत्र्यांना वास शोधण्याचा सराव दिला आणि काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा. वास शोधणारी कुत्री नंतरच्या चाचणीत जास्त आशेने वागली. हे मी रोज पाहते. एका झाडाशी पाच मिनिटं हुंगत उभं राहिलेलं कुत्रं काहीच करत नाही, असं नसतं. ते त्या जागेची ओळख करून घेत असतं, आणि ओळखीच्या जागेची भीती वाटत नाही.

गणपतीच्या आधी पुण्यात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. संध्याकाळी नदीकाठावरून तो ठेका दूरवर ऐकू येतो. त्या दिवसांत शेवंती पुन्हा सोफ्यामागे गेली. घरच्यांचे चेहरे उतरले, सगळं पाण्यात गेलं असं त्यांना वाटलं. अशा वेळी मी एकच सांगते : भीती कमी होण्याचा रस्ता सरळ नसतो, आणि मागे आलेलं कुत्रं पहिल्या जागेपर्यंत मागे येत नाही. आम्ही संध्याकाळचं फिरणं बंद केलं, खिडक्यांना जाड पडदे लावले, पहाटेचा जिना पुन्हा सुरू केला. गेल्या वेळी ज्याला आठवडे लागले होते, ते या वेळी लवकर झालं. हार्नेसमध्ये मान तिने स्वतःहून घातली.

आणि मग जे घडलं, त्याचं श्रेय मी आजींना देते. आजींचे गुडघे दुखायचे, त्या चार पावलं चालायच्या आणि भिंतीला हात लावून थांबायच्या. घाई त्यांच्या अंगातच नव्हती. लिफ्टचा सराव झाल्यावर एका सकाळी त्यांनी दोरी हातात घेतली, मागे काका दुसरी लांब दोरी धरून. आजी चार पावलं गेल्या आणि थांबल्या. शेवंती थांबली. तिने जमीन हुंगली, वर पाहिलं. आजी चालल्या, ती चालली. सोसायटीच्या आवाराला दोघींनी अशी एक अख्खी फेरी घातली आणि दोरी पूर्ण वेळ लोंबत राहिली. काका तोपर्यंत कितीतरी वेळा माझ्याकडून ऐकत आलेले होते, की थांबा, वाट बघा. आपल्या आईला चालताना पाहून ते त्यांच्या अंगवळणी पडलं. त्या दिवसानंतर त्यांनी दोरीचा वेढा मुठीला कधी घातला नाही.

आज शेवंती रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जाते. तिथे तिची शेपटी कमरेच्या रेषेवर सैल हलत असते. आजही काही दिवस असे येतात, की ती गेटपर्यंत येते, हवेत नाक धरते आणि वळते. घरचे तिच्यासोबत वळतात. कोणी तिला हट्टी म्हणत नाही. मला विचाराल, तर शिक्षण पूर्ण झाल्याची खूण मी टेकडीत शोधत नाही, या वळण्यात शोधते. तिला नाही म्हणता येतं आणि घरच्यांना ते ऐकू येतं.

म्हणून ज्यांच्या घरी असं कुत्रं आलं आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिले काही दिवस त्याला कुठेही नेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. हार्नेस जमिनीवर ठेवा, शेजारी त्याच्या आवडीचं काही ठेवा आणि आपापल्या कामाला लागा. बाहेर पडाल, तेव्हा दोन कड्या लावा आणि घड्याळ घरी ठेवा. कुत्रं थांबलं, की तुम्हीही थांबा, आणि ओढायचा मोह झाला, तर दोरी धरलेला हात खाली सोडा. शेजारीपाजारी सल्ले देतील, ओढा म्हणतील, लाड करता म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, तुमचं लक्ष कुत्र्याकडे राहू द्या. किती दिवस लागतील, हे त्याला ठरवू द्या. ते नक्की चालेल, आणि ज्या दिवशी चालेल, त्या दिवशी तुमच्यासोबत यायचं त्याने स्वतः ठरवलेलं असेल.